मोतीबिंदूचं ऑपरेशन "डोळे कोरडे आहेत" म्हणून पुढे ढकललंय, कोणाला अनुभव आहे का?

खाडीकाठची
१२ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातली, वय ६१, शाळेतून तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू बराच वाढलाय, डाव्यात सुरुवात आहे. चिपळूणला दाखवलं, २० जूनची तारीखही मिळाली होती. शुगर, बीपी, ईसीजी सगळं झालं, मुलाने पुण्याहून रजा टाकली, आणि काल लेन्सचा नंबर काढायला गेले तर डॉक्टर म्हणाले आत्ता नको, डोळे फार कोरडे आहेत, आधी त्याची ट्रीटमेंट घ्या, सहा आठवड्यांनी परत मोजू मग तारीख ठरवू.

खरं सांगते, एसटीत बसल्यावर रडूच आलं. आमच्याकडे गणपतीला घरात पंचवीस-तीस माणसं असतात आणि यंदा तरी नीट दिसावं एवढीच इच्छा होती. गेल्या वर्षी मोदकाच्या कळ्या पाडताना मला त्या दिसतच नव्हत्या, बोटांच्या अंदाजाने पाडत होते.

काल झालं असं, की एक कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा असतात, माझी फक्त ४ पर्यंत भिजली. मग मशीनवर हनुवटी ठेवून दोनदा रीडिंग घेतलं, मध्ये पंधरा मिनिटं गेली असतील. पहिल्यांदा ४३.७५ आणि ४४.५०, दुसऱ्यांदा ४४.७५ आणि ४५.७५. पहिल्या रीडिंगने लेन्सचा नंबर २१.५ येतोय आणि दुसऱ्याने २०.५. डोळा तोच, माणूस तोच!

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं, मग कोरडे कसे? आपल्याकडची हवा एवढी दमट, पावसात तर कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, तिथे डोळे कसे वाळतात? आणि लेन्स आत बसवणार, तर वरच्या कोरडेपणाशी त्याचा संबंध काय? डॉक्टरांनी सांगितलं असेल पण बाहेर साठ पेशंट बसलेले, मला पुन्हा विचारायला संकोच वाटला.

तांडेल
१२ जून, रात्री १०:०२

गे बाय, वायट वाटून घेव नको. माका सहा वर्सांआदी उजव्या डोळ्याचा ऑपरेशन झाला. त्याच दिवशी मशीनीवर डोळो लावलो, त्याच दिवशी लेन्स बसवली, सांजेक घराक. माझ्या डोळ्यातसून पण सतत पाणी येय, माका वाटला पाणी येता म्हणजे डोळे ओले, सुके खंयसून असतले?

आता सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहितो. आमच्या त्या ऑपरेशनमध्ये काही बिघडलं नाही, लेन्स व्यवस्थित बसली, पण लांबचा नंबर शिल्लक राहिला आणि नजर स्थिर नाही. डोळा मिचकावला की साफ, चार सेकंदांनी पुन्हा धूसर. तीन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी हिरवा-पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं तेव्हा म्हणाले डोळे पूर्वीपासूनच कोरडे असणार. तेव्हा कोणी सहा आठवडे थांब म्हणालं असतं तर मी आनंदाने थांबलो असतो. तुम्हाला थांबवणारा भेटलाय ताई, ते चांगलंच आहे.

नंबरवाला
१३ जून, सकाळी ७:४५

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, हीच मशीन रोज चालवतो म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

लेन्सचा नंबर काढायला दोन मापं मुख्य लागतात, डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाचा म्हणजे समोरच्या पारदर्शक काचेचा गोलवा. तुम्ही लिहिलेत ते ४३.७५, ४४.५० हे गोलव्याचे आकडे, त्याला आम्ही के रीडिंग म्हणतो. मशीन काय करते तर उजेडाचे ठिपके किंवा गोल डोळ्यावर टाकते आणि त्यांचं प्रतिबिंब मोजते. आणि हे प्रतिबिंब कॉर्नियावरच्या अश्रूंच्या पातळ थरावर पडतं. विहिरीत वाकून बघताना पाणी निवांत असेल तर चेहरा नीट दिसतो, कोणी पोहरा सोडला की चेहरा मोडतो, तसंच. थर जागोजागी फाटला असेल तर मशीन प्रामाणिकपणे तो फाटलेला थरच मोजते.

लेन्सचा नंबर काढायच्या जुन्या एसआरके सूत्रात के रीडिंगला ०.९ ने गुणतात, म्हणजे तिथे एका नंबरची चूक झाली तर लेन्समध्ये जवळजवळ एका नंबरची चूक. तुमच्या दोन रीडिंगच्या सरासरीत सव्वा नंबरच्या जरा खाली फरक आहे, म्हणून २१.५ चं २०.५ झालं. नवी सूत्रं जास्त बारकाईने चालतात, पण त्यांना दिलेला आकडाच हलत असेल तर तीही काय करणार. लेन्स एकदा आत गेली की चष्म्यासारखी दुकानात जाऊन बदलता येत नाही, बदलायची म्हणजे दुसरं ऑपरेशन. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी थांबवलं ते अगदी बरोबर केलं.

तुम्ही एकट्या नाही हे पण सांगतो. अमेरिकेत २०१७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मोतीबिंदूसाठी आलेल्या १३६ जणांना तपासलं, तर तीनचतुर्थांशाहून जास्त डोळ्यांच्या कॉर्नियावर कोरडेपणाचे डाग सापडले, आणि आधी कोरडेपणाचं निदान झालेले होते जेमतेम पाचातले एक. बहुतेकांना माहीतच नसतं.

आता पाण्याचं. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही, वर तेलाचा थर असतो. ते तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बारीक ग्रंथी असतात त्यांतून येतं, मिबोमियन ग्रंथी म्हणतात. त्या तुंबल्या की तेल येत नाही, पाणी भराभर उडतं, डोळा चुरचुरतो आणि मग मेंदू घाबरून एकदम पाण्याचा लोंढा सोडतो. ते पाणी गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही.

आणि दमट हवा. बाहेरची हवा दमट असते हो, पण आपण बसतो कुठे? डोक्यावर पंखा फुल, हातात मोबाईल, मोबाईल बघताना माणूस एरवीच्या निम्म्या वेळासुद्धा पापणी मिटत नाही. दुचाकीवर बिनाकाचेच्या हेल्मेटने खारा वारा थेट डोळ्यात. तेलाचा थर नसेल तर दमट हवेतही डोळा वाळतोच.

माजघर
१३ जून, दुपारी २:२०

ताई आमच्याकडे आजीपासून चालत आलेला उपाय आहे, रात्री झोपताना शुद्ध मधाचा एक थेंब डोळ्यात आणि सकाळी गुलाबपाणी. खूप पाणी येऊन डोळा साफ होतो. करून बघा, साइड इफेक्ट काही नाही.

गोळ्याबिळ्या
१३ जून, संध्याकाळी ६:५५

माजघर ताई, रागावू नका पण ऑपरेशनच्या आधी तरी हे नकोच. घरातला मध निर्जंतुक नसतो, गुलाबपाणीही डोळ्यासाठी बनवलेलं नसतं. आत जखम करून लेन्स बसवणार आहेत, त्याआधी डोळ्यात जंतू जाणं म्हणजे फार मोठी जोखीम. पाणी खूप येतं ते डोळा भाजतो म्हणून येतं.

माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. काउंटरवर रोज जे बघतो ते सांगतो. कोरड्या डोळ्यांचे थेंब म्हणजे बहुतेक सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) नाहीतर सोडियम हायल्युरोनेट. मोठ्या बाटलीत ते टिकावं म्हणून संरक्षक घातलेलं असतं, त्यातलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे कोरड्या डोळ्याला आणखी त्रास देतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर डॉक्टरांना विचारून संरक्षक नसलेले घ्या, एकेका वेळेच्या छोट्या कुप्या मिळतात, महाग पडतात पण या दीड-दोन महिन्यांपुरता खर्च करावा असं माझं मत आहे. रात्री जेल घालतात, त्याने थोडा वेळ धूसर दिसतं म्हणून झोपतानाच. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो.

आणि कळकळीची विनंती, "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" असं म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब घेऊ नका. दोन दिवसांत बरं वाटतं, मग माणूस सहा सहा महिने घालत राहतो, डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि मोतीबिंदूही लवकर येतो. माझ्या ओळखीत एकाची नजर काचबिंदूने गेली, तो चेहरा मी विसरलेलो नाही. डॉक्टर थोडे दिवस देतात ते वेगळं, ते प्रेशर मोजत असतात.

अजून एक. सर्दीच्या, खाजेच्या गोळ्या, उदाहरणार्थ सेटिरिझिन, यांनीही डोळे सुकतात. झोपेच्या किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेल्या अमिट्रिप्टिलीननेही. काय काय चालू आहे त्याची चिठ्ठी करून डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका. घरात पुरुष पेशंट असेल आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असेल तर तेही ऑपरेशनच्या आधी सांगायलाच हवं, त्याने बाहुली ऑपरेशनमध्ये नीट उघडी राहत नाही. हा कोरडेपणाचा विषय नाही पण लोक सांगायचं विसरतात म्हणून लिहिलं.

खाडीकाठची
१४ जून, रात्री ८:३०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मला खरंच माहीत नव्हतं की मशीन पाण्याच्या थरावर मोजते. काल रात्री मुलाला फोनवर वाचून दाखवलं, तो आधी चिडला होता, रजा फुकट गेली म्हणून, आता म्हणाला आई थांबूया.

सेटिरिझिन मी घेते! पावसाळा लागला की शिंका सुरू होतात म्हणून दोन महिने रोज. आणि दुसरं आठवलं, अंघोळीचं पाणी आमच्याकडे चुलीवरच तापतं, पावसात लाकडं ओली, धूर एवढा की फुंकणी फुंकून डोळे लालबुंद. तीस वर्षं हे चाललंय.

मला डॉक्टरांनी शेक आणि पापण्या साफ करायला सांगितल्यात पण नेमकं कसं ते नर्सने घाईत सांगितलं.

नंबरवाला
१४ जून, रात्री ९:१५

शेकाचं सांगतो, कारण यातच लोक चुकतात. नुसता रुमाल गरम पाण्यात बुडवून डोळ्यावर ठेवला की दीड-दोन मिनिटांत गार होतो, आणि तुंबलेलं तेल वितळायला निदान पाच ते दहा मिनिटं सलग ऊब लागते. जमलेलं खोबरेल बाटलीत कसं असतं, उन्हात ठेवल्यावर सुटतं, पण सावलीत नेलंत की परत गोठतं, तसं समजा. म्हणून दोन रुमाल ठेवा, एक डोळ्यावर, एक पाण्यात, बदलत राहा. पाणी हाताच्या मागच्या बाजूला सोसेल एवढंच गरम, पापणीची कातडी फार नाजूक असते. बाजारात तापवायचे मास्कही मिळतात.

शेक झाल्या झाल्या बोटाने हलका दाब, वरच्या पापणीला वरून खाली, खालच्या पापणीला खालून वर, म्हणजे कडेकडे. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही. मग पापण्यांच्या केसांच्या मुळाशी जो कोंडा असतो तो कापसाच्या काडीने पुसायचा, त्यासाठी पुसण्या मिळतात किंवा डॉक्टर लहान मुलांचा शांपू पातळ करून वापरा म्हणतात, तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय ते करा. दिवसातून दोनदा. आठ दिवसांत फरक वाटला नाही म्हणून सोडू नका, ग्रंथी सुधारायला आठवडे लागतात.

आणि पुढच्या मोजणीच्या दिवशी सकाळी तिथल्या लोकांना विचारा की थेंब किती वेळ आधी बंद करायचे. मशीनवर बसायच्या अगदी आधी थेंब घातला तरी रीडिंग हलतं. बधिर करायचे थेंब किंवा प्रेशर मोजायला डोळ्याला टेकवायचं यंत्र, हेही के रीडिंग झाल्यावरच व्हायला हवं.

कोकणकन्या
१६ जून, रात्री ११:४०

मी कणकवलीची, सध्या ठाण्यात. आईला दोन्ही डोळ्यांत मल्टिफोकल लेन्स घालायची असं आमचं जवळजवळ ठरलंय, चष्माच नको म्हणून. आईला आमवात आहे दहा वर्षांपासून, हाताची बोटं वाकडी झालीत. वाचता वाचता लक्षात आलं की ती सुकी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळूच शकत नाही, आणि डोळ्यात रेती गेल्यासारखं वाटतं असं दोन वर्षं म्हणतेय, आम्ही मोतीबिंदू असेल म्हणून सोडून दिलं. याचा संबंध असू शकतो का?

नंबरवाला
१७ जून, सकाळी ७:३०

असू शकतो, आणि हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आणि आमवाताच्या डॉक्टरांना दोघांनाही सांगा. आमवाताबरोबर शोग्रेन नावाचा आजार असतो कधी कधी, त्यात शरीर स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करतं. तिथे पाणीच कमी बनतं, नुसत्या शेकाने भागत नाही. सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, ते सुरुवातीला झोंबतात आणि पूर्ण गुण यायला महिने लागतात, किंवा अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रात छोटं बूच बसवतात.

मल्टिफोकलबद्दल माझं स्पष्ट मत, घाई करू नका. ती लेन्स येणारा उजेड लांब आणि जवळ असा वाटून देते, म्हणजे आधीच थोडी धार कमी होते, रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. वरचा थर खराब असेल तर हे सगळं वाढतं. कोरडेपणा बराच असेल तर साधी एका अंतराची लेन्स आणि जवळचा चष्मा, यात पुष्कळ लोक समाधानी असतात. तिरकस नंबरसाठी टोरिक लेन्स घालायची असेल तर मोजणी आणखी काटेकोर हवी, कारण तिथे नंबरबरोबर कोनही चुकू शकतो.

कोकणकन्या
१७ जून, सकाळी ८:०५

दादा, हे आम्हाला पॅकेज समजावताना कोणी सांगितलं नाही. तीन लेन्सच्या तीन किमती सांगितल्या, एवढंच. आजच फोन करून तारीख पुढे घेते.

तांडेल
१७ जून, दुपारी १:१५

आमच्या मच्छीमार भावांसाठी एक टाकतो. उन्हात, वाऱ्यात, पाण्याच्या झळाळीत आयुष्य गेलं की नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस वाढत बुबुळावर येतं, आमच्या बंदरावर किती जणांना आहे. माझ्या डाव्या डोळ्यात आहे. डॉक्टर म्हणाले ते कॉर्नियाला ओढून तिचा गोलवा बदलतं, तेव्हा आधी ते काढू, डोळा स्थिर होऊ दे, मग मोतीबिंदूचं मोजू. म्हणजे मी पण रांगेत आहे ताई. समुद्रावर जाताना बाजूने बंद असलेला काळा चष्मा घाला पोरांनो, आम्हाला कोणी सांगितलं नाही.

आणि एक विचारायचं, बांगडा-तारली खाल्ली की डोळे ओले राहतात असं ऐकलं, त्यात तथ्य आहे? आम्ही तर जन्मभर तेच खाल्लं.

गोळ्याबिळ्या
१७ जून, रात्री ९:००

काका, बांगडा-तारली खा, तब्येतीला उत्तमच. पण त्या माशातल्या तेलाच्या म्हणजे ओमेगा थ्रीच्या कॅप्सूल कोरड्या डोळ्यांसाठी विकतात, त्यावर २०१८ साली अमेरिकेत मोठा अभ्यास छापला, ५३५ लोक, वर्षभर, रोज ३ ग्रॅम. ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा त्यांना काही वेगळा फायदा झाला नाही. त्यामुळे मी गिऱ्हाइकाला सांगतो, ते पैसे चांगल्या थेंबांवर घाला.

खाडीकाठची
२८ जुलै, रात्री ८:५०

सहा आठवडे झाले म्हणून लिहितेय. सेटिरिझिन डॉक्टरांना विचारून बंद केली, नाकातला स्प्रे दिलाय. अंघोळीच्या पाण्याला यांनी गीझर बसवला, लाइट गेली तर हे स्वतः चुलीपाशी बसतात, मला तिकडे फिरकू देत नाहीत. शेक सकाळी चहाच्या आधी आणि रात्री. पहिले दहा दिवस काही वाटलं नाही, उलट कंटाळा आला. मग एक दिवस शेकून झाल्यावर पापणी दाबली तर कडेला टूथपेस्टसारखं दाट पांढरं काहीतरी आलं, घाबरून फोटो काढून डॉक्टरांना दाखवला, ते म्हणाले हेच तुंबलं होतं. आता येतं ते पातळ आणि जवळजवळ पारदर्शक.

पट्टी या वेळी ७ पर्यंत भिजली. रीडिंग ४४.२५ / ४५.०० आणि दुसऱ्यांदा ४४.५० / ४५.२५. जवळ आलेत पण डॉक्टरांना अजून स्थिर हवेत. रंग घातल्यावर डोळ्याच्या मधोमध थोडे डाग आहेत अजून. म्हणजे गणपतीच्या आधी नाही. वाईट वाटलं, पण या वेळी रडले नाही.

काजूबोंड
२९ जुलै, सकाळी १०:१०

ताई मी वेंगुर्ल्याकडची, काजू भाजायच्या शेडवर काम करते. तुमचं वाचून माझे आणि सोबतच्या बायकांचे डोळे आठवले, भाजताना टरफलाच्या तेलाचा धूर डोळ्याला लागला की दिवसभर आग. आम्ही ती कामाची सवय समजायचो. माझं वय ४६, मोतीबिंदू नाही, पण आता तुमचा शेक आम्ही चौघीजणींनी सुरू केलाय, आणि मालकांना म्हटलं भाजायच्या बाजूला बसणाऱ्यांना चष्मे द्या. दोन आणलेत, अजून हवेत.

खाडीकाठची
२९ जुलै, रात्री ९:२०

बाई गं, चष्मे सगळ्यांना मिळेपर्यंत मागत राहा. आणि एकदा डोळे तपासून घ्या, नुसत्या शेकावर राहू नका.

खाडीकाठची
२ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

मध्ये खूप दिवस गेले, माफ करा. सप्टेंबरअखेर तिसरी मोजणी झाली, दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावलं आणि दोन्ही दिवशी आकडे पाव नंबराच्या आत जुळले. लेन्स २१ ची ठरली. म्हणजे जूनमध्ये ज्या दोन आकड्यांत आम्ही अडकलो होतो त्या दोघांच्या मधली. दसऱ्यानंतर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, साधी लेन्स, लांबसाठी. वीस मिनिटंही लागली नसतील. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे लाल आकडे इतके लाल दिसले की मी नर्सला विचारलं नवीन आणलंय का.

नंतर आठवड्याभराने कोरडेपणा परत वाढला, टोचणं, पाणी. पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की छेद देताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, वरून ऑपरेशननंतरच्या थेंबांत संरक्षक असतं, त्यामुळे दोन-तीन महिने असं होऊ शकतं, म्हणून घाबरले नाही. कुप्यांचे थेंब चालू आहेत. शेक डॉक्टरांनी विचारून मगच सुरू करा म्हटलंय, पापणीवर दाब तर सध्या अजिबात नाही.

डाव्या डोळ्याचं जानेवारीत बघू म्हणतात. कोकणकन्या, आईंचं काय झालं ते कळव गं. आणि तांडेलकाका, तुमचं ते मांस काढलं का? मोजणीला जाल तेव्हा दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून घ्या, नुसतं "ठीक आहे" ऐकून घरी येऊ नका.

तांडेल
२ नोव्हेंबर, रात्री ८:१०

काढला गे बाय, ऑगस्टात. पुढल्या सोमवारी मोजूक बोलवल्यानी हत. वही घेवन जातंय.